निकाल लागल्यावर नियम ठरवायचे हे कुठवर चालवून घ्यायचं?

उचगावकर_पालक

आधीच सांगतो, मी कुठल्या पक्षाचा नाही. 2022 ला बेंगळूरमध्ये एक सरकार होतं, 2024 ला दुसरं, आणि दोघांनीही तेच केलंय म्हणून हे लिहूलोय.

माझं म्हणणं एवढंच की मार्कांचा नियम पेपरच्या आधी ठरवा आणि मग त्याला हात लावू नका. आपल्याकडं आधी पेपर, मग निकाल, मग बोंबाबोंब, मग कोर्ट आणि सगळ्यात शेवटी नियम.

2022 ची सीईटी आठवा, म्हणजे कर्नाटकातली इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा. 2021 ला कोरोनामुळं बारावीची परीक्षाच झाली नाही, दहावीचे 45 टक्के, पहिल्या पीयूसीचे म्हणजे अकरावीचे 45 टक्के आणि 10 टक्के इंटर्नल असं धरून मार्क वाटले, सगळे पास, 2239 जणांना 600 पैकी 600. त्या वर्षी सीईटीची रँक नुसत्या सीईटीवर लावली, ते ठीक. पण त्यातल्या ज्यांनी पुढच्या वर्षी परत सीईटी दिली, सुमारे 24 हजार पोरं, त्यांना सीईटी जूनमध्ये होऊन गेल्यावर 30 जुलैला सांगितलं की तुमचे पीयूसीचे म्हणजे बारावीचे मार्क धरणार नाही. नव्यांना निम्मे पीयूसी निम्मे सीईटी आणि यांना नुसती सीईटी. हायकोर्टानं 3 सप्टेंबरला ते रद्द केलं, सरकार अपिलात गेलं, आणि तोडगा काय निघाला तर यांच्या फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्सचे सरासरी 6 टक्के मार्क कापायचे! 6 च का, 4 का नाही, 9 का नाही, हे आपल्यासारख्या माणसाला कोण सांगणार.

मग 2024. सीईटीत 50 प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचे, कारण पीयूचा अभ्यासक्रम कमी केलेला आणि पेपर काढणाऱ्यांपर्यंत तो पोचलाच नाही बहुतेक. प्रश्न वगळून निकाल लावला. ज्या पोरानं त्या प्रश्नांवर वेळ घालवला त्याचा वेळ कोण वगळणार? आणि त्याच वर्षी एसएसएलसीला म्हणजे दहावीला वेबकास्टिंग आणलं, वर्गात कॅमेरे लावून लाईव्ह बघायचं, कॉपी बंद झाली, निकाल धाडकन खाली आला, तर ग्रेस मार्कांची सूट 10 टक्क्यांची 20 टक्के करून टाकली. एवढं करून निकाल 73.40 टक्के, आदल्या वर्षी 83.89 होता. नंतर मुख्यमंत्रीच म्हणाले की ही ग्रेस बंद करा. म्हणजे द्यायच्या आधी विचारलं कुणाला?

पाचवी, आठवी, नववीचं तर सांगायलाच नको. बोर्डाची परीक्षा घेतली, मार्चमध्ये हायकोर्टानं आधी रद्द केली मग परवानगी दिली, पोरांनी लिहिली, आणि 8 एप्रिलला सुप्रीम कोर्टानं निकालच थांबवला. दहा-अकरा वर्षाच्या पोराला काय सांगायचं घरी?

चिकोडीचे_मास्तर

साहेब, तुमचा राग कळतो पण एकाच पोत्यात सगळं भरलंय तुम्ही. अभ्यासक्रमाबाहेरचे प्रश्न ही चूक, शंभर टक्के चूक, त्यात बचाव नाही. पण कोरोना काय आधी सांगून आला होता? 2021 चे मार्क फुगलेले होते हे राज्यातल्या प्रत्येक मास्तराला माहीत आहे, इंटर्नल कॉलेजांनीच भरलेत की. ते जसेच्या तसे धरले असते तर 2022 ला खरा पेपर लिहिलेल्या पोरांवर अन्याय झाला असता.

आणि ग्रेसबद्दल जरा सांभाळून बोला. मी हायस्कूलला आहे, आमच्याकडची निम्मी पोरं ऊसतोडीच्या आणि वीटभट्टीच्या घरातली. पहिल्यांदाच वर्गात कॅमेरा, लाईव्ह बघूलेत म्हटल्यावर पोरं पेपरपेक्षा कॅमेऱ्याकडंच जास्त बघत होती. ग्रेस नसती तर निकाल 54 टक्क्यांच्या आसपास आला असता असं तेव्हाच सांगण्यात आलं होतं. नापास झालेली पोरगी परत परीक्षेला बसत नाही, तिचं लग्न होतं. हे तुमच्या उचगावात होत नसेल, आमच्याकडं होतं.

रिपीटर_21

मी त्या 24 हजारातला. मास्तर, फुगलेले मार्क म्हणताय ना, माझे नव्हते. पहिल्या पीयूसीत आमच्या कॉलेजात कडक तपासायचे, तिथंच मार खाल्ला, आणि शेजारच्या कॉलेजनं सढळ हातानं दिलेले. 6 टक्के दोघांचे कापले. मग न्याय कुणाला मिळाला सांगा.

खरा मार तर वेळेचा बसला. ऑगस्टभर घरात रोज हीच चर्चा, कोर्टात काय होणार. पप्पा म्हणाले वाट बघत बसलो तर असलेली पण जाईल, म्हणून मॅनेजमेंट कोट्यातली सीट घेऊन मोकळे झालो. पैसे भरले आणि नंतर कोर्टाचा निकाल आला. नवीन रँकवर मला सरकारी कोट्यात मिळाली असती पण भरलेली फी कोण परत देतंय. त्यामुळं उचगावकर काकांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, कापा नाहीतर ठेवा, पण सीईटीचा फॉर्म भरायच्या आधी सांगा.

शहापूरची_मी

सॉरी पण मी 2022 ची फ्रेशर. आम्ही मास्क लावून सहा-सहा पेपर लिहिले, पहिल्या पीयूसीचं अर्धं वर्ष मोबाईलवर गेलेलं, आणि आमच्या शेजारी 600 पैकी 600 वाले बसणार त्याच रँक लिस्टमध्ये? तुमची फी गेली त्याचं वाईट वाटतं दादा, खरंच. पण 3 सप्टेंबरनंतर आमची लागलेली रँक पण हललीच की. माझी तर बरीच मागं गेली. आमच्याबद्दल कुणी धागा काढत नाही.

रिपीटर_21

म्हणजे तुझी पण निकालानंतरच हलली ना? मग तू कुणाच्या बाजूनं भांडूलीस नेमकी?

शहापूरची_मी

माझ्या 😄

नंदगडची_आई

तुमचं सीईटीचं मोठं गणित आहे, मी दहावीचं सांगते. मुलीला गणितात अपेक्षेपेक्षा फारच कमी पडले, रडून रडून घर डोक्यावर घेतलं, शेवटी स्कॅन कॉपी मागवली. सायबर सेंटरवाल्यानं प्रिंट काढून दिली आणि आम्ही दोघी तिथंच बाकड्यावर पानं उलटत बसलो. आतली सगळी पानं तपासलेली, बाजूला मार्क लिहिलेले, आणि शेवटी आलेखाचा कागद जोडलेला त्यावर लाल पेनाचा टिपका सुद्धा नाही. रेषा बरोबर, छेदनबिंदू बरोबर, खाली उत्तर लिहिलेलं. कुणी उघडूनच बघितलं नाही ते पान. अर्ज केला, मार्क वाढले. पण त्याला आधी कॉपीचे पैसे, मग रिव्हॅल्युएशनचे पैसे, मुदत मोजकेच दिवस, त्यात दोन दिवस साईट बंद. माझ्याकडं तेवढे पैसे त्या आठवड्यात होते म्हणून झालं. तिच्याच वर्गातली एक मुलगी होती, तिचंही असंच काहीतरी असणार असं तिचे सर म्हणत होते, त्यांनी अर्जच केला नाही.

ग्रेस वाटायला सरकारकडं मन मोठं आहे आणि स्वतःची चूक तपासायला आमच्याकडून पैसे, हे मला पटत नाही बघा.

कॅम्पातला_भाऊ

ताई, दहावीचं परवडलं म्हणायचं. बारावीला स्कॅन कॉपी एका विषयाची 530 आणि रिव्हॅल्युएशन 1670. फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स तिन्ही करायचे म्हटलं तर 6600 रुपये. आणि सीईटीच्या रँकमध्ये निम्मं वजन याच तीन विषयांचं, म्हणजे ज्याच्याकडं 6600 आहेत तो रँक सुधारू शकतो आणि नाहीत तो गप्प बसतो. यापेक्षा उघडउघड काय पाहिजे.

चिकोडीचे_मास्तर

आलेखाचं वाचून वाईट वाटलं, असं व्हायला नको. पण पेपर तपासायला जातो आम्ही तेव्हा काय असतं ते पण ऐका. मे महिन्याच्या तोंडावर, उकाड्यात, एका मागून एक गठ्ठा, आणि वरून रोज फोन की किती झाले. मराठी माध्यमाचे पेपर तपासायला माणसं आधीच मोजकी. फी काढून टाकली तर प्रत्येक नाराज पोरगं अर्ज करणार आणि ते तपासून होईपर्यंत ॲडमिशन संपलेली असणार. मग परत तुम्हीच म्हणणार सरकार उशीर करतंय.

नंदगडची_आई

अहो सर मग माणसं वाढवा की, मी काय तुम्हाला दोष देत नाही. पण न उघडलेलं पान शोधायचं काम माझं कसं?

निपाणी_एक्सप्रेस

एवढं डोकं कशाला लावूलाय. सीमाभागातल्या मराठी पोरांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला टाईप ई मध्ये अर्ज करता येतो, दहावी-बारावी वादग्रस्त भागातल्या शाळा कॉलेजातनं पास आणि मातृभाषा मराठी, बस. मेडिकलला पण थोड्या सीटा आहेत. आमच्या गल्लीतली पोरं कोल्हापूर सांगलीला जातात. इथं कन्नड माध्यमवाल्यांना 5 टक्के राखीव, आपल्या मराठी शाळेतल्या पोराला त्यात शून्य. कशाला थांबायचं इथं?

गणेशपूरकर

तिकडं लई सोनं लागून गेलंय असं समजू नका. 2025 ला तिकडच्या सीईटीत, एमएचटी-सीईटीत, 27 एप्रिलच्या सकाळच्या शिफ्टला गणिताचे 21 प्रश्न चुकीचे निघाले, मग 5 मेला हजारो पोरांची फेरपरीक्षा. माझा भाचा त्यात होता. इकडून पहाटेच्या गाडीनं गेला, पेपर देऊन आला, आणि परत बोलावणं. महाराष्ट्र काय आणि कर्नाटक काय, पोरं सारखीच भरडली जातात.

आणि 5 टक्क्यांचं म्हणाल तर ग्रामीण 15 टक्के कोटा आहेच ना. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असेल तर येळ्ळूरच्या मराठी शाळेतल्या पोरालाही मिळतो. कितीजण घेतात? दाखला वेळेत काढत नाहीत आणि मग अन्याय अन्याय.

निपाणी_एक्सप्रेस

दाखल्याचा फॉर्म कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, वेबसाईट इंग्लिशमध्ये. खेड्यातल्या बापानं कसा काढायचा वेळेत? बोलायला सोपं असतं भाऊ.

गणेशपूरकर

मुख्याध्यापक सांगतात की. विचारायला तोंड पाहिजे. बरं हा धागा सीमाप्रश्नाकडं नेऊ नका हात जोडतो, त्याला दुसरे धागे पुष्कळ आहेत.

उचगावकर_पालक

मास्तर, तुमच्या त्या पोरीचं वाचलं आणि खरं सांगतो ग्रेसबद्दल माझा हात जरा थांबला. पण तुमचाच मुद्दा घेऊन विचारतो, कॅमेरा लावणार हे आधी माहीत होतं ना? मग कॅमेऱ्यामुळं निकाल घसरणार हे कुणाला कळलं नाही? निकालाच्या तोंडावर 10 चे 20 करण्यापेक्षा वर्षाच्या सुरवातीला सांगायचं होतं की यंदा पहिलं वर्ष आहे, यंदा एवढी सूट. पोरगीपण निवांत बसली असती.

चिकोडीचे_मास्तर

हे मान्य. पण आता ते शिकलेत असं माझं मत. दहावी पास व्हायचा 33 टक्क्यांचा नियम बघा, ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितला, 625 पैकी 206 आणि प्रत्येक विषयात किमान 30 टक्के. परीक्षेच्या कितीतरी आधी. आता यात काय वाईट आहे सांगा.

कॅम्पातला_भाऊ

वाईट हे की आधी 35 होते ते 33 केले, म्हणजे ग्रेस मागच्या दारानं गेली ती पुढच्या दारानं आत आली 😀

उचगावकर_पालक

ऑक्टोबर म्हणजे अर्धं शाळेचं वर्ष गेलेलं मास्तर. पण तरी निकालानंतरच्यापेक्षा बरं, तेवढं देतो तुम्हाला. फक्त सीईटीचं असं कुठं झालंय ते दाखवा. तिथं अजून आधी पेपर आणि नंतर बघू, हेच आहे, आणि इंजिनिअरिंगची सीट त्यावरच ठरते.

चिकोडीचे_मास्तर

सीईटीवाले माझ्या हातात नाहीत हो, नाहीतर दाखवलं असतं.

हिंडलगा_बाबा

मध्येच विचारतो, माफ करा. मुलाची बारावीची केमिस्ट्रीची स्कॅन कॉपी आली, एका पाच मार्काच्या उत्तराला दोनच दिलेत, पायऱ्या सगळ्या आहेत असं त्याचे ट्यूशनवाले सर म्हणतात. फिजिक्सबद्दल पण त्याला शंका आहे पण कॉपी मागवली नाही. काय करू? मुदत परवा संपते.

चिकोडीचे_मास्तर

नुसती शंका असेल तर फिजिक्सचं सोडा. केमिस्ट्रीचा अर्ज उद्या सकाळीच भरा, रात्री साईट अडकते. भरल्याची पावती आणि जुनं मार्कशीट दोन्ही जपून ठेवा, मार्क वाढले तर केईएकडं, म्हणजे सीईटी घेणाऱ्यांकडं, लागेल.

कॅम्पातला_भाऊ

आणि 1670 तयार ठेवा.