सोलापूर ते न्हावा शेवा कंटेनर वाहतूक: ४५.५ टनांचा घोडा घ्यावा की ५५ टनांचा?

प्रश्न : होटगीरोडकर

नमस्कार. आमच्याकडे सध्या दहाचाकी ट्रक आहेत. आता चाळीस फुटी स्केलेटल ट्रेलर (कंटेनर ठेवण्याचा नुसता सांगाडा) आणि त्यासाठी नवा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक, घेण्याचे पक्के झाले आहे. माल मुख्यतः दोन प्रकारचा असेल: अक्कलकोट रोड एमआयडीसीतून न्हावा शेवा बंदराला जाणारे टॉवेलचे चाळीस फुटी कंटेनर, आणि निर्यात सुरू असेल तेव्हा कारखान्यांची साखर वीस फुटी कंटेनरमधून. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या रीफर, म्हणजे थंड ठेवणाऱ्या, कंटेनरचीही विचारणा झाली आहे.

एका विक्रेत्याचे म्हणणे असे की, तीन अ‍ॅक्सलचा ५५ टन पासिंगचा, म्हणजे ट्रेलर व मालासह एकूण तेवढ्या वजनाची परवानगी असलेला, घोडा घ्या, म्हणजे पुढे कधी कमी पडणार नाही. दुसरा म्हणतो की दोन अ‍ॅक्सलचा ४५.५ टनांचा पुरेल, मात्र हॉर्सपॉवर जास्त असलेला घ्या. वाटेत बोर घाट आहे, आणि मराठवाड्याचे भाडे मिळाले तर तुळजापूरचा घाटही चढावा लागेल. हप्ता, डिझेल आणि टायर यांचा खर्च पाहता हा निर्णय नेमका कशाच्या आधारावर घ्यावा?

उत्तर १ : बाळेकर

मालक, हॉर्सपॉवरचे नंतर पाहू. कोणत्या अ‍ॅक्सलवर किती वजन पडणार आहे, हे आधी कागदावर मांडा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अ‍ॅक्सलच्या मर्यादा वाढवल्या. त्यानुसार पुढच्या अ‍ॅक्सलला ७ टन, चार टायरच्या एकेरी मागच्या अ‍ॅक्सलला ११.५ टन, जोड अ‍ॅक्सलला २१ टन आणि ट्रेलरच्या तिहेरी अ‍ॅक्सलला २७ टन चालतात. ७, ११.५ आणि २७ मिळून ४५.५ होतात, ७, २१ आणि २७ मिळून ५५. दोन्ही घोड्यांमागे ट्रेलर तोच आणि त्याच्या अ‍ॅक्सलची मर्यादाही तीच, त्यामुळे जास्तीचे साडेनऊ टन फक्त घोड्याच्या मागच्या भागावर, म्हणजे किंगपिनवाटे (ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या खिळीवाटे) येणाऱ्या वजनासाठी मिळतात, हे नीट लक्षात घ्यावे.

आता आपला माल पाहू. चाळीस फुटी कंटेनर भरून साधारणपणे ३०.४८ टनांपर्यंतचा धरतात. दोन अ‍ॅक्सलचा घोडा साधारण ७ टन आणि स्केलेटल साधारण ६ टन धरला, तरी एकूण वजन साडेत्रेचाळीस टनांच्या आसपास राहते. टॉवेल तर हलका माल आहे. त्याने कंटेनरची जागा आधी भरते, वजन मागे राहते. जास्तीच्या अ‍ॅक्सलमुळे घोड्याला चार टायर अधिक लागतात आणि रिकाम्या परतीतही सुमारे दोन टन लोखंड ओढत आणावे लागते. राष्ट्रीय महामार्गावरचा टोल मात्र दोन्हींना एकच, कारण चार ते सहा अ‍ॅक्सलचा गट एकच आहे. पोलादाच्या कॉइल किंवा सिमेंटचा बल्कर ओढायचा असता, तर मी निःसंकोचपणे ५५ टनांचा घ्या म्हटले असते. आपल्या कामाला ४५.५ टनांचा घोडा योग्य आहे.

खरी अडचण साखरेची आहे आणि तिकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. साखरेने भरलेला वीस फुटी कंटेनर पंचवीस-सत्तावीस टनांपर्यंत जातो आणि एवढे सगळे वजन वीस फुटांत एकवटलेले असते. तो चाळीस फुटी सांगाड्याच्या अगदी शेवटी ठेवला, तर जवळजवळ सारा भार ट्रेलरच्या तिहेरी अ‍ॅक्सलवर येतो. त्यात ट्रेलरचे स्वतःचे वजन मिळवले की २७ टनांची मर्यादा ओलांडली जाते. किंगपिनवर मात्र फारसे काही उरत नाही, आणि मग पावसात घाट चढताना घोड्याची इंजिनाने फिरणारी चाके जागच्या जागी फिरू लागतात. तोच कंटेनर अगदी पुढे ठेवला तर घोड्याच्या मागच्या अ‍ॅक्सलवर ११.५ टनांपेक्षा कितीतरी जास्त वजन येते. तो मध्यावर, किंचित मागे सरकवून ठेवावा लागतो. म्हणून स्केलेटल घेताना मधल्या जागेसाठीही ट्विस्ट-लॉक (कंटेनरचे कोपरे सांगाड्याला पक्के करणारी कुलुपे) आहेत का, हे स्वतः खाली वाकून पाहावे. पहिल्या फेरीला काट्यावर आधी घोड्याचे पुढचे चाक, मग मागचे, मग ट्रेलर, असे वेगवेगळे वजन करून घ्यावे. जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

उत्तर २ : टेंभुर्णीकर

वरील हिशेब पटला. हॉर्सपॉवरविषयी थोडी भर घालतो. वीस फुटांना एक फूट असा चढ धरला आणि ४५.५ टनांची गाडी धरली, तर २०० हॉर्सपॉवरचे इंजिन ती ताशी साधारण १८ किलोमीटरने चढवते आणि २५० हॉर्सपॉवरचे साधारण २२ किलोमीटरने. पन्नास हॉर्सपॉवरमध्ये घाटातला फरक एवढाच आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवण्यासाठी टॉर्क, पहिला गिअर आणि डिफरन्शियलचे (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचे) गुणोत्तर महत्त्वाचे असते. म्हणून विक्रेत्याला हे गुणोत्तर आणि भरलेल्या गाडीची चढण्याची क्षमता लेखी मागावी. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या सपाट रस्त्यावर उंच गुणोत्तर, म्हणजे इंजिनाच्या कमी फेऱ्यांत जास्त वेग देणारे, डिझेल वाचवते, तेच खंडाळ्यात क्लच जाळते. आपला बहुतेक रस्ता सपाट असला, तरी निवड घाट पाहूनच करावी.

उतरण्याचा विचार चढण्याइतकाच करावा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारा) उत्तम स्थितीत हवा आणि ट्रेलरचे ब्रेक घोड्याच्या ब्रेकपेक्षा किंचित आधी लागायला हवेत. घोडा आधी थांबला आणि मागचा ट्रेलर ढकलत राहिला, तर गाडी किंगपिनपाशी दुमडते, आणि त्यानंतर चालकाच्या हातात काही राहत नाही.

आणखी एक गोष्ट. किंगपिन दोन इंचांची आणि साडेतीन इंचांची, अशा दोन मापांची येते. घोडा एका ठिकाणी आणि ट्रेलर दुसऱ्या ठिकाणी घेणार असाल, तर फिफ्थ व्हीलचे, म्हणजे घोड्यावरच्या किंगपिन पकडणाऱ्या प्लेटचे, जबडे त्याच मापाचे आहेत ना, याची खात्री करून मगच पैसे द्यावेत. जोडल्यावर टॉर्च लावून खालून पाहावे: जबडा पिनेच्या मागे पूर्ण मिटलेला हवा आणि प्लेट व ट्रेलर यांच्यात फट दिसता कामा नये. मग ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हलकेच पुढे ओढून पाहावा. प्लेटवर ग्रीस नसेल तर वळणावर स्टिअरिंग जड होते. आपल्याकडच्या उन्हात आणि धुळीत ते लवकर सुकते, म्हणून नवे ग्रीस लावण्यापूर्वी जुने खरवडून काढावे.

प्रश्नकर्ता : होटगीरोडकर

दोघांचेही मनापासून आभार. ४५.५ टनांचाच घोडा घ्यायचे ठरवतो. एक अडचण मात्र राहते. कारखान्याच्या गोदामात कंटेनर मागच्या टोकालाच ठेवा असा आग्रह असतो, कारण तरच त्याचे दार फलाटाला लागते.

उत्तर ३ : बाळेकर

हा आग्रह सगळीकडेच असतो आणि हमालांच्या बाजूने तो रास्तही आहे. कंटेनर मध्ये ठेवला की मागे सुमारे ३ मीटर सांगाडा उघडा राहतो, आणि पन्नास किलोचे पोते घेऊन त्यावरून कोणालाही चालायला लावू नये. ज्या गोदामात पोती वाहून नेणारा सरकता पट्टा आहे, तिथे तो दारापर्यंत लांबवता येतो. जिथे नाही, तिथे दोन्ही बाजूंना कठडा असलेला पक्का लोखंडी पूल करून घ्यावा. आणि साखरेचे काम नियमित मिळणार असेल, तर त्याच घोड्यासाठी वीस फुटी कंटेनरचा वेगळा आखूड ट्रेलर घ्यावा. त्यात दार फलाटाला लागते, वजनही जागेवर बसते, आणि एमआयडीसीतल्या अरुंद वळणांवर मागची चाके आतल्या बाजूला कमी सरकतात. मात्र आखूड ट्रेलरवर किंगपिनवर येणारे वजन वेगळे असेल, त्यामुळे अ‍ॅक्सलचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. त्याची मापे मिळाली की इथे द्या, आपण एकत्र बसून आकडे काढू.