मदत हवी आहे: एफ-आर सिद्धांतात प्रसरणाला वेग नेमका कोण देतं?

नमस्कार मंडळी. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय, हे दूरच्या सुपरनोव्हांवरून १९९८ मध्ये कळलं. त्यासाठी कृष्ण ऊर्जा (अवकाशभर पसरलेली, प्रसरणाला वेग देणारी अज्ञात ऊर्जा) मानण्यापेक्षा गुरुत्वाकर्षणाच्या नियमातच बदल करून पाहणं मला जास्त पटतं, म्हणून सध्या एफ-आर सिद्धांत (आइन्स्टाइनच्या सिद्धांतातल्या अवकाशकालाच्या वक्रतेच्या, म्हणजे R च्या जागी तिचं f(R) हे फलन घेणारा), त्यातही हू आणि साविकी या भौतिकशास्त्रज्ञांचं २००७ चं प्रारूप वाचतोय.

१७ ऑगस्ट २०१७ ला न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षं प्रवास करून जेमतेम १.७ सेकंदांच्या फरकाने पोचले. केवढी जबरदस्त कसोटी! दोघांचा वेग एकच ठरला आणि कितीतरी पर्यायी सिद्धांत निकालात निघाले. एफ-आर तगला, कारण त्यात या लहरी प्रकाशाच्याच वेगाने जातात.

माझं घोडं अडलंय ते पुढे. वक्रता जास्त असते तिथे या प्रारूपाच्या समीकरणातलं जादाचं पद जवळपास स्थिर होतं. मग वेग बदललेल्या गुरुत्वामुळे वाढतो, की मागच्या दाराने आत आलेल्या वैश्विक स्थिरांकामुळे (आइन्स्टाइनच्या समीकरणांतलं प्रसरणाला वेग देणारं स्थिर पद)?

दुसरं म्हणजे, सूर्यमालेत कॅमेलिऑन परिणाम (दाट पदार्थाजवळ जादाचं बल दडणं) गुरुत्वातला हा बदल झाकून टाकतो, पण विरळ भागात गुरुत्व एक तृतीयांशापर्यंत जास्त भरू शकतं. दीर्घिकासमूहांची वाढ मोजून हे पकडता येईल का? न्यूट्रिनोंचं (अतिशय हलक्या मूलकणांचं) वस्तुमान ही वाढ रोखतं, म्हणजे दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढणार. ते वेगळे कसे करतात?

उत्तर समीकरणांसकट दिलंत तर फारच उत्तम.