सासूबाईंच्या आयरिश आजीचं गाव शोधायचंय, सुरुवात कुठून करू? (बजेट १०० पौंड)

शर्वरी_वॉरिंग्टन
नमस्कार मंडळी. लग्न होऊन इकडे अकरा वर्षं झाली, नवरा लिव्हरपूलचा. सासूबाईंना ऑक्टोबरमध्ये ८० पूर्ण होतील. त्यांची आजी ब्रिजेट आयर्लंडहून लिव्हरपूलला घरकामाला आली आणि १९०९ ला स्कॉटलंड रोडजवळच्या कॅथलिक चर्चमध्ये तिचं लग्न झालं, दाखला घरात आहे. माहेरचं नाव वॉल्श, वडील पॅट्रिक, मजूर, बस्स, आईचं नावच नाही. १९११ च्या जनगणनेत 'मेयो, आयर्लंड' आणि वय २८. मेयो हा अख्खा जिल्हा, गाव नाही. सासूबाईंना एवढंच आठवतं की गावाचं नाव 'नॉक'ने सुरू व्हायचं. बिस्किटांच्या जुन्या डब्यात काळ्या कडेचं एक छोटं कार्ड आहे, ब्रिजेटची बहीण होनोरा १९३१ ला ग्लासगोत वारली त्याचं, मागे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं पण पुसट झालंय.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई आमच्याकडे देवरुखला आल्या होत्या. बाबांनी पडवीतून त्यांना पणजोबांनी लावलेला फणस दाखवला. परत येताना विमानात म्हणाल्या, आमचं असं काही मला कुणाला दाखवता येणार नाही. तेव्हापासून डोक्यात आहे. १०० पौंडांच्या वर नाही जाता येणार. कुठलं आर्काइव्ह, कुठली लायब्ररी, सांगा.

विलास_हाउन्स्लो
ताई, सरळ लंडनच्या क्यू भागात जा. नॅशनल आर्काइव्ह्ज, सरकारी दफ्तरखाना. मी बायकोच्या खापरपणजोबांचे लष्करी कागद तिथे काढले, डब्ल्यूओ ९७ या मालिकेत, चेल्सी पेन्शनरांचे, म्हणजे पेन्शनीत निघालेल्या सैनिकांचे. गाव, उंची, डोळ्यांचा रंग, कुठे जखम झाली, सगळं. दोन ओळखपत्रं न्यायची, रीडर्स तिकीट फुकट मिळतं, शाई आत चालत नाही, फक्त पेन्सिल. फोटोही फुकट काढता येतात. दोन दिवस राहायच्या तयारीनेच जा, एका दिवसात काही होत नाही.

मंजिरी_के
विलासदादा, त्यांच्याकडे सैनिक कुठाय? घरकाम करणाऱ्या मुलीचं क्यूला काय मिळणार. आयरिश पोलिसात कोणी असेल तर तिथलीच एचओ १८४ ही मालिका बघा म्हणावं, पण इथे तेही नाही. आणि लंडनला दोन दिवस राहिलं की १०० पौंड तिथेच संपले.

सदानंद_ठाणेकर
आयर्लंडचं सगळं १९२२ ला जळालं. डब्लिनच्या फोर कोर्ट्सना, म्हणजे कोर्टाच्या इमारतीला आग लागली त्यात, दफ्तरखाना तिथेच होता. उगाच आशा ठेवू नका. आमच्या सात पिढ्या नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत आहेत, पणजोबांची स्वतःची सही आहे त्यात, मी हाताने स्पर्श करून आलोय. लोकांनी अशा वह्या ठेवायला हव्या होत्या.

मंजिरी_के
काका, सगळं नाही जळालं, आणि हे वाक्य वाचून लोक शोधणंच सोडून देतात म्हणून मला राग येतो. जळाल्या त्या मुख्यतः १८२१ ते १८५१ च्या जनगणना, मृत्युपत्रं आणि प्रोटेस्टंट चर्चच्या बऱ्याच वह्या. १८६१ आणि १८७१ च्या जनगणना सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या, आणि १८८१-१८९१ चा तर पहिल्या महायुद्धात लगदा केला. कॅथलिक वह्या आपापल्या चर्चमध्येच होत्या, त्या वाचल्या. १८६४ पासूनची जन्म-मृत्यू-लग्न नोंदणी वेगळ्या कचेरीत, तीही वाचली. १९०१ आणि १९११ च्या जनगणना घराघराच्या आहेत, फुकट, ऑनलाइन. शर्वरी, तुझी ब्रिजेट १८८० च्या आसपासची आहे म्हणजे तू चांगल्या काळात आहेस.

प्रसाद_स्लाव
मला तरी वाटतं ब्रिटिश लायब्ररी. माझी बायको पुण्याची, तिची आजी खडकीच्या अँग्लो-इंडियन घरातली. आजीचे आजोबा लिमरिकहून आलेले सोल्जर असं फक्त ऐकून होतो. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन/३ म्हणून मालिका आहे, मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन सगळ्याच्या नोंदी. तिथे आम्हाला खडकीतलं लग्न सापडलं, नवऱ्याची रेजिमेंट, बापाचं नाव, आणि साक्षीदार म्हणून सही करता न येणाऱ्या माणसाची फुली. बायको त्या फुलीकडे किती वेळ बघत बसली होती. कंपनी सरकारच्या गोऱ्या फौजेत आयरिश लोक फार होते, पुण्या-मुंबईकडच्या कोणाच्या घरात असं काही असेल तर एन/३ सोडू नका.

शर्वरी_वॉरिंग्टन
प्रसाददादा, वाचून छान वाटलं, पण आमच्याकडे कोणी भारतात आलेलं नाही.

रोहिणी_मिल्टनकीन्स
डीएनए कर. ८० पौंडाला किट येतं. मला तीन चुलत भाऊ मिळाले.

अजय_बर्मिंगहॅम
डीएनएच. मी पण तेच म्हणणार होतो.

शर्वरी_वॉरिंग्टन
किटलाच ८० गेले तर बाकीचं कशात करू? शिवाय सासूबाईंना थुंकी पाठवायची अजिबात इच्छा नाही, विचारून झालंय.

किरण_डब्लिन
अहो पण पासपोर्टचा विचार केलात का? आयर्लंडमध्ये जन्मलेली आजी असेल तर नातवंडाला आयरिश नागरिकत्व मिळतं. फॉरेन बर्थ्स रजिस्टर. फी २७८ युरो. तुमच्या मिस्टरांनाही करून टाका!

अजय_बर्मिंगहॅम
मिस्टरांना नाही मिळणार, त्यांची ती पणजी. त्यांच्या जन्माच्या आधी आईने नोंद केलेली असती तरच.

किरण_डब्लिन
आमच्या ऑफिसातल्या एकाला मिळालंय पणजीवरून.

अजय_बर्मिंगहॅम
त्याच्या आईने आधी नोंद केली असणार. नियम स्पष्ट आहे.

मंजिरी_के
पासपोर्टचा वेगळा धागा काढा ना, इथे एक बाई गाव शोधतेय.

माधवी_आजी_एडिंबरा
शर्वरी बाळ, मी उशिरा वाचलं. तू ब्रिजेटच्या मागे लागू नकोस, होनोराच्या मागे लाग. इंग्लंडच्या लग्नाच्या दाखल्यावर २०२१ पर्यंत फक्त बापाचं नाव असायचं, मृत्यूच्या दाखल्यावर तर त्या काळी तेही नसायचं. आमच्या स्कॉटलंडमध्ये मृत्यूच्या नोंदीत आई आणि बाप दोघांची नावं लिहितात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. १९३१ ची नोंद स्कॉटलंड्स पीपल या सरकारी साइटवर उघडायला दीड पौंड लागतो. बाई लग्न झालेली असली तरी सूचीत माहेरच्या नावावरही सापडते. मेयोत पॅट्रिक वॉल्श शोधणं म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात पाटील शोधणं, पण आईचं माहेर कळलं की जोडीने शोधता येतं.

होनोराने हलाखीत कधी सरकारी मदत मागितली असेल तर ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत पुअर रिलीफचे अर्ज आहेत, तिथले लोक सूचीत बघून देतात. मी माझ्या शेजारणीसाठी बघितलेत. आयर्लंडमधलं जन्मगाव, आईबाप, मुलं, खोलीचं भाडं किती, सगळं विचारून लिहिलेलं. वाचताना पोटात तुटतं पण माहिती तिथेच असते.

आणि वय २८ वर विश्वास ठेवू नकोस. तेव्हाच्या बायका सर्रास तीन-चार वर्षं कमी सांगायच्या. उलट आयर्लंडमधले म्हातारे १९११ ला दहा वर्षांत पंधरा वर्षांनी मोठे झालेले दिसतात, १९०९ पासून सत्तरीला पेन्शन सुरू झाली ना.

विलास_हाउन्स्लो
हे चांगलं सांगितलंत माधवीताई. तरी क्यू एकदा बघावंच माणसाने.

निखिल_प्रेस्टन
मी एका खासगी संशोधकाला ४०० पौंड दिले होते, त्याने मला १९०१ च्या जनगणनेची प्रिंट पाठवली जी फुकट दिसते. तीन महिने थांबलो होतो त्याच्यासाठी. कोणाला पैसे देऊ नका. पेड साइट घ्यायचीच नाही, अँसेस्ट्री ही वंशावळीची पेड साइट गावातल्या पब्लिक लायब्ररीत बसून फुकट वापरता येते. लिव्हरपूलच्या कॅथलिक चर्चच्या वह्यापण त्यात आहेत.

मंजिरी_के
अजून एक. १९०८ च्या ईस्टरपासून कॅथलिक चर्चमध्ये नियम आला की लग्न झालं की बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवायचं, आणि तिथले फादर त्या बाळाच्या नावाशेजारी समासात लग्नाची नोंद लिहायचे. तुझ्या ब्रिजेटचं लग्न १९०९ चं! आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांचे फोटो फुकट ठेवलेत. माझ्या नणंदेच्या घरच्या नोंदीत समासात तिरक्या बारीक अक्षरात 'लिव्हरपूल' लिहिलेलं होतं, आम्ही दोघी रात्री दीड वाजता ओरडलो. नावं लॅटिनमध्ये असतात, ब्रिजिडा, याकोबुस, घाबरू नकोस. नॉक म्हणजे 'क्नॉक', टेकडी, त्यामुळे नॉकवाली गावं शेकड्यांनी आहेत, आधी ती यादी काढत बसू नकोस.

सदानंद_ठाणेकर
समासातली नोंद ही पद्धत आवडली. आमच्या उपाध्यांकडेही बाजूला लिहितात.

शर्वरी_वॉरिंग्टन
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय, सांगायलाच हवं. माधवीआजी, होनोरा दीड पौंडात मिळाली. आई मार्गरेट, माहेरचं डर्कन. मग आयर्लंडच्या फुकट साइटवर वॉल्श आणि डर्कन जोडीने जन्मनोंदी एकेक उघडल्या. बाविसावी आमची निघाली. ब्रिजेट, १८७९, म्हणजे १९११ ला चार वर्षं कमीच सांगितली होती. जन्मस्थानाच्या रकान्यात गाव लिहिलंय, खरंच 'नॉक'ने सुरू होतं. बाप्तिस्म्याच्या वहीत समासात १९०९ आणि लिव्हरपूलच्या चर्चचं नाव. मंजिरी, मी पण ओरडले, मुलगा उठला.

निखिल_प्रेस्टन
जबरदस्त! आता नोंद छापून फ्रेम करून द्या वाढदिवसाला.

रोहिणी_मिल्टनकीन्स
फ्रेम मस्त. आणि उरलेल्या पैशात डीएनए किट.

किरण_डब्लिन
त्यापेक्षा त्यांना मेयोलाच घेऊन या ना, लिव्हरपूलहून विमान तासाभराचं.

अजय_बर्मिंगहॅम
फ्रेमच करा.

शर्वरी_वॉरिंग्टन
फ्रेम नाही करणार. सगळ्यांनी मनापासून सांगितलंय पण मी ठरवलंय. मी सापडवून हातात दिलं तर ते माझं होईल. सासूबाईंना मी काहीच सांगितलेलं नाही, गावाचं नाव म्हणूनच इथेही लिहीत नाहीये. पुढच्या गुरुवारी त्यांना लिव्हरपूल सेंट्रल लायब्ररीत घेऊन जातेय, विल्यम ब्राऊन स्ट्रीटवर, रेकॉर्ड ऑफिस तिथेच आहे. होनोराच्या कार्डापासून त्यांनी स्वतः सुरुवात करायची, मी शेजारी बसून फक्त माऊस धरणार. बाविसाव्या नोंदीपर्यंत पोचायला दिवस गेला तरी चालेल. आतापर्यंत खर्च दीड पौंड, बाकीच्यात ट्रेन आणि दोघींचं जेवण.

कार्डाच्या मागचं पुसट अक्षर त्यांनी काल खिडकीपाशी धरून बघितलं. म्हणाल्या पहिलं अक्षर के आहे. त्यांनी कार्ड ठेवायला माझ्याकडे कडक पुठ्ठ्याचं पाकीट मागितलंय.