मदत हवी आहे: हर्बेरियमच्या कपाटात कीड
नमस्कार मंडळी. विद्यापीठातल्या आमच्या हर्बेरियमची (वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांच्या संग्रहाची) जबाबदारी जूनपासून माझ्या गळ्यात पडली आहे. परवा कपाट उघडलं, तर खर्चुडी या वनस्पतीचा नमुना चिकटवलेल्या जुन्या शीटवर बारीक भोकं आणि खाली भुसा! सिगरेट बीटलच असावा, म्हणजे वाळक्या वनस्पती पोखरणारा छोटा भुंगेरा. डांबरगोळ्या होत्या, पण नुसता वासच. आता कीड मारण्यासाठी शीट्स पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर ठेवायच्या ठरवल्यात. पण आमचा घरगुती डीप फ्रीझर उणे १८ च्या खाली जात नाही. मग किती दिवस ठेवू?

दुसरं, जुन्या शीट्सना कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावलेलं आहे, म्हणजे पारा आलाच. मुलांना लेबलं उतरवून घ्यायला बसवण्याआधी हातमोज्यांशिवाय आणखी काय काळजी घेता? कुणी स्वतः हे केलं असेल तर जरूर सांगा.