पट्ट्यांवरून लायकोसा ठरत नाही

गंगापूर धरणाजवळच्या एका कोळ्याचा फोटो वर टाकलाय आणि पाठीवरच्या पट्ट्यांवरून त्याला 'लायकोसा' (लांडगा कोळ्यांमधला एक वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट) म्हटलंय, ते मला पटत नाही. खाली चार बारके डोळे, मध्ये दोन मोठे, वर दोन मध्यम, म्हणजे लांडगा कोळ्यांचं कुळ (अनेक वंशांचा मोठा गट), इथवर बरोबर. पण भारतातल्या कितीतरी जाती पूर्वी लायकोसात घातल्या गेल्या, आणि खरा लायकोसा वंश मुख्यतः भूमध्य समुद्राभोवतीचा. शिवाय आपल्याकडच्या अनेक जातींचं वर्णन फक्त मादीवरून झालंय. नराच्या स्पर्शपादाचं (तोंडाजवळच्या पायासारख्या छोट्या अवयवाचं) टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वंशाची खात्री कशी होणार? तोवर कुळाचं नाव लिहून थांबावं, हेच प्रामाणिक.

एक भर घालतो. निफाडला आमच्या द्राक्षबागेच्या बांधावर सकाळी दवात नरसाळ्यासारखी जाळी दिसतात. त्यात बसलेला हिप्पासा हाही लांडगा कोळीच, या कुळातले बहुतेक कोळी जाळं विणत नसले तरी! म्हणून फोटोसोबत कोळी जाळ्यात होता, बिळात की मोकळ्या जमिनीवर, हे जरूर लिहा. अभ्यासकाला पट्ट्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.