आई मवाळ, बाबा कडक: मुलाच्या स्वभावाचं काय होतं?

पाऊलवाट:

आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. नवरा शिस्तीचा. एकदा 'नाही' म्हटलं की नाही, मग समोरच्याचं कारण कितीही पटण्यासारखं असो. मी आधी ऐकून घेते आणि मुलाचं म्हणणं पटलं तर निर्णय बदलते. मूल होण्याआधी आमचे स्वभाव एकमेकांना पूरक वाटायचे. आता त्याच वेगळेपणावरून रोज ठिणग्या उडतात.

मला खटकतं ते असं. बाबांसमोर तो हूं की चूं करत नाही. 'हो बाबा', 'झालं बाबा', विषय संपला. माझ्यापुढे मात्र प्रत्येक गोष्टीवर वाद, अगदी दात घासण्यावरसुद्धा. आम्ही दोघं खोलीत असताना काही विचारलं तर उत्तर देण्याआधी तो आधी बाबांच्या तोंडाकडे बघतो, मग माझ्या, आणि मग बोलतो. परवा गणिताची वही सहीसाठी आणली तीही नवरा बाहेर पडल्यावर. मार्कांवर अंगठा ठेवून वही पुढे धरली आणि म्हणाला, "तूच कर ना सही, बाबांना कशाला दाखवायचं?" मी म्हटलं, बाबांनाही दाखवायची. संध्याकाळभर माझ्याशी बोलला नाही.

सासूबाई म्हणतात, एकाने रागवावं, एकाने जवळ घ्यावं, तोल आपोआप साधतो. नवरा म्हणतो, माझ्यामुळे तो डोक्यावर बसतोय. मला भीती वेगळीच आहे. हा मुलगा पुढे दुटप्पी होईल का? आम्ही दोघांनी एकसारखं व्हायलाच हवं का? ज्यांनी हे स्वतः अनुभवलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी जरूर लिहा.

उंबरठा:

मी अशाच घरात वाढले, फक्त उलट. आमची आई कडक आणि वडील मवाळ. आईच्या कडकपणाचा मला आज राग नाही. तिने लावलेली सवय, हातातलं काम अर्धवट टाकून उठायचं नाही, मला आयुष्यभर उपयोगी पडली. मला नडलं ते वडिलांचं एक वाक्य: "आईला सांगू नकोस हं." ते प्रेमानेच म्हणायचे. पण त्यातून मी शिकले की घरात काही गोष्टी काही माणसांपासून लपवायच्या असतात आणि लपवायला मदत करतो तो आपला माणूस. आजही घरात साधी गोष्ट सांगायची असली तरी मी आधी समोरच्याचा नूर बघते. नवऱ्याला याचं नवल वाटतं, कारण त्याच्या घरी असं काही नव्हतं.

आणि एक. माझा भाऊ त्याच घरात वाढला, पण तो माझ्यासारखा झाला नाही. तो आईशी थेट भिडायचा. त्याने लपवालपवी कधी केलीच नाही, भांडणं मात्र रोज. त्यामुळे 'अशा घरातली मुलं अशी होतात' असं सरसकट मी तरी म्हणणार नाही.

शांतला:

मी बरीच वर्षं शाळेत समुपदेशक होते. तुमच्या सासूबाईंचं वाक्य इतक्या पालकांच्या तोंडून ऐकलंय की तिथूनच सुरुवात करते. तो तोल आपोआप साधत नाही.

डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात पालकांच्या वागण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या. एकीत नुसता हुकूम, दुसरीत नुसती मोकळीक, आणि तिसरीत नियम ठाम पण मुलाचं ऐकून घेणारे, कारण सांगणारे पालक. १९८३मध्ये एलिनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी याच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत असं दाखवलं: मुलाकडून अपेक्षा किती, आणि मुलाच्या गरजांना प्रतिसाद किती. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायच्या. दोन्ही कमी असतील तर ती चौथी तऱ्हा, दुर्लक्षाची. आता बघा, एक पालक नुसत्या अपेक्षांचा आणि दुसरा नुसत्या मायेचा असेल, तर दोघांची बेरीज करून दोनाने भागल्यावर एक समंजस पालक मिळत नाही. नियम आणि माया या दोन्ही गोष्टी मुलाला एकाच माणसाकडून मिळाव्या लागतात. निदान एका तरी.

'निदान एका तरी' म्हणते त्याला आधार आहे. १९९९मध्ये लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांचा याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. आईवडील एकसारखे आहेत पण दोघांतही हा मेळ नाही, अशा घरांपेक्षा एक तरी पालक ठाम-आणि-मायाळू असलेल्या घरातली मुलं अभ्यासात बरी निघाली. मात्र आईवडिलांच्या वागण्यात असा फरक असलेल्या मुलांच्या मनावरचा ताण जास्त होता. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की एकसारखं होणं हे ध्येयच नाही. दोघंही सारखेच कडक झालात किंवा सारखेच सैल झालात तर त्यातून मुलाला काय मिळणार? पण दोघांतला फरक मुलाच्या अंगावर येत असेल तर त्याची किंमत तो मोजतो.

माझ्या पाहण्यात आणखी एक गोष्ट वारंवार आली. कडक पालक मुळात इतका कडक नसतो आणि मवाळ पालक मुळात इतका मवाळ नसतो. 'ही सगळं सोडून देते, मग मलाच ताणून धरावं लागतं' असं म्हणत एक जण आवळतो. 'हा इतका आवळतो, मग कोणीतरी सैल सोडायला नको का' असं म्हणत दुसरी ढील देते. दोघंही दुसऱ्याची भरपाई करत करत एकमेकांपासून लांब जातात. घरात दोघांपैकी एकच जण आठवडाभर असला तर कसा वागतो ते बघा. बहुतेकदा कडक पालक थोडा निवळतो आणि मवाळ पालक नियम पाळायला लावतो. ते त्यांचं खरं वागणं असतं.

वहीबद्दल. आईपुढे एक आणि बाबांपुढे एक, याला मी दुटप्पीपणा म्हणणार नाही. अगदी तान्ह्या मुलांमध्येही हे दिसतं. मेरी मेन आणि डॉना वेस्टन यांनी १९८१मध्ये दाखवलं होतं की तेच बाळ आईजवळ निर्धास्त आणि वडिलांजवळ अस्वस्थ असू शकतं, किंवा उलट. प्रत्येक माणसाशी मुलाचं नातं वेगळं जुळतं. तुमचा मुलगा तुमच्याशी वाद घालतो कारण तिथे वाद घालणं सुरक्षित आहे. मला तर हे चांगलं लक्षण वाटतं. काळजीची गोष्ट एवढीच की वाईट मार्क वडिलांना दाखवणं त्याला धोक्याचं वाटतंय. त्यावर काम तुमच्या नवऱ्याने करायचं आहे आणि ते फार अवघड नाही. वही हातात आल्यावर पहिलं वाक्य प्रश्न असावा. "कुठलं गणित अडलं?" एवढं पुरे. रागवायचंच असेल तर दहा मिनिटांनी रागवता येतं, पण पहिलं वाक्य मुलं लक्षात ठेवतात.

वाद घालण्याबद्दलही एक सांगते, हे तुमच्यासाठी. निर्णय बदलायचा असेल तर तो मुलाचं कारण ऐकल्याबरोबर बदला, त्याने हट्ट वाढवल्यावर नको. जेरल्ड पॅटरसन यांनी घरातल्या भांडणांचा बारकाईने अभ्यास केला होता. मूल कटकट करतं, पालक वैतागून नमतं घेतो, कटकट थांबते. त्या क्षणी दोघंही शिकतात: मुलाला कळतं की ताणलं की मिळतं, आणि पालकाला कळतं की नमतं घेतलं की शांतता मिळते. त्यात कधी मिळतं आणि कधी नाही असं असेल, तर ती सवय मोडायला सगळ्यात चिवट.

आणि 'आईला सांगू नकोस', 'बाबांना सांगू नकोस' याबद्दल उंबरठा यांनी लिहिलंय ते अक्षरन् अक्षर खरं आहे. कुटुंबांवर उपचार करणाऱ्या साल्वादोर मिनुचिन यांनी १९७०च्या दशकात हेच मांडलं. एक पालक मुलाला आपल्या बाजूला ओढून दुसऱ्याविरुद्ध उभा करतो तेव्हा ते मूल नवराबायकोच्या भांडणात अडकतं. तुम्ही 'बाबांनाही दाखवायची' म्हणालात, तिथे त्याला त्यातून बाहेर ठेवलंत. तो रुसला तरी चालेल.

एक गोष्ट यात धरलेली नाही. कडकपणात मारणं, घालूनपाडून बोलणं असेल तर दोन पद्धतींची चर्चा तिथेच थांबते. त्याला दुसऱ्याच्या मायेने तोल येत नाही, ते थांबवावंच लागतं.

रानवारा:

वरचं सगळं वाचलं, बरंचसं पटलं. तरी एक बाप म्हणून दुसरी बाजू मांडतो, कारण असं वाचून आईबाप उगाच स्वतःला कोसत बसतात.

आम्हाला जुळ्या मुली आहेत, एकसारख्या न दिसणाऱ्या. घर तेच, वय तेच, आम्ही दोघं तेच. मी आवाज चढवला की एक जण खांदे उडवून आपलं चित्र पुढे रंगवत बसते. दुसरीच्या हातातला खडू थांबतो, हनुवटी थरथरायला लागते, आणि मी पहिलीवर रागावलो असलो तरी रडते ती ही. माझा आवाज एकच होता. मग कोणाच्या स्वभावाचं श्रेय किंवा दोष माझ्या पद्धतीला द्यायचा?

स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस यांनी १९५६पासून न्यूयॉर्कमध्ये काही मुलांचा तान्हेपणापासून पाठपुरावा केला, तेव्हाही हेच दिसलं की मुलं स्वभाव घेऊनच येतात. त्यांच्या मते महत्त्वाचं काय, तर घर आणि मुलाचा स्वभाव यांचं जुळतं की नाही. पुढे ज्यूडिथ रिच हॅरिस यांनी १९९०च्या दशकात आणखी ठाम सांगितलं की मुलाच्या व्यक्तिमत्त्वावर आईवडिलांच्या वळणापेक्षा आनुवंशिकता आणि बरोबरीची मुलं यांचा प्रभाव जास्त. जुळ्यांच्या अभ्यासांत माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघतो, आणि एकाच घरात वाढल्याचा वाटा आश्चर्य वाटावं इतका कमी. म्हणून पाऊलवाट, मुलगा दुटप्पी होईल ही भीती सोडा. कदाचित तो जन्मतःच सावध स्वभावाचा असेल आणि म्हणून आधी दोघांची तोंडं बघत असेल.

शांतला:

रानवारा, तुमच्या मुलींचं उदाहरण मी जपून ठेवणार आहे. स्वभावाबद्दल तुमच्याशी सहमत. फक्त दोन मुद्दे. ते ४० ते ५० टक्के अनेक माणसांमधल्या फरकाबद्दल आहेत. एका मुलातला अर्धा स्वभाव आईबापांकडून रक्तातून आला आणि अर्धा घरातून, असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरं म्हणजे, मोठेपणी तो अबोल होईल की बोलका, हे कदाचित आपल्या हातात नसेल. पण बाराव्या वर्षी काही चुकलं तर तो घरी येऊन सांगेल की नाही, ते बरंचसं आपल्या हातात आहे. आणि सावध मुलाच्या घरात तर पहिलं वाक्य जास्तच जपून बोलायला हवं.

पाऊलवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा नवऱ्याला वाचायला दिला. 'मला ताणून धरावं लागतं' या वाक्याशी थांबला आणि म्हणाला, हे मीच बोललोय. झोपायची वेळ, खोटं न बोलणं आणि रस्त्यावरची सुरक्षितता, या तीन गोष्टींत दोघांचा शब्द एकच राहील, एवढं ठरवलं. बाकी ज्याच्यासोबत मुलगा असेल त्याची पद्धत चालेल.

अडलंय ते एका मुद्द्यावर. नवऱ्याचं ठाम मत आहे की आपले मतभेद मुलासमोर कधीच यायला नकोत, नाहीतर कोणाचाच धाक राहणार नाही. मला ते नाटक वाटतं. त्याला सगळं कळतंच.

शांतला:

कळतंच. मार्क कमिंग्ज यांनी मुलांसमोर होणाऱ्या आईवडिलांच्या भांडणांवर बरीच वर्षं काम केलं. भांडण मिटलेलं मुलांना दिसलं की त्यांची अस्वस्थता खूप कमी होते, असं त्यांना आढळलं. ते धुमसत राहिलं, किंवा दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले, तर मात्र त्रास होतो. त्यामुळे मतभेद दिसले तर दिसू द्या, मिटलेलेही दिसू द्या. नवऱ्याची भीती एका बाबतीत बरोबर आहे: त्याने दिलेला निर्णय तुम्ही मुलासमोर फिरवू नका. तसं झालं की तो तोंडघशी पडतो आणि पुढच्या वेळी आणखी कडक होतो.

उंबरठा:

आम्ही दोघं घरात हे असं करतो. मुलीने काही विचारलं आणि आमचं एकमत नसलं, तर तिच्यासमोरच म्हणतो, "मला चालेल वाटतंय, बाबांना नाही वाटत. आज बाबा म्हणतात तसं. रात्री आम्ही बोलू आणि उद्या सकाळी सांगू." आणि सकाळी ज्याचं मत बदललं असेल त्यानेच तिला सांगायचं. सुरुवातीला मुलगी रात्रभर दोघांकडे फेऱ्या मारायची, वेगवेगळं गाठून आपली बाजू मांडायची. दोघांकडून एकच उत्तर येतंय म्हटल्यावर तिने ते सोडलं. आता ती सरळ विचारते, "तुमचं बोलून झालं का?"