मदत हवी आहे: जुन्या पेट्रोल गाडीचा निळा धूर, व्हॉल्व्ह सील की रिंगा?

जुनी पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, टर्बो नाही. रात्रभर उभी राहिली की पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर भपकारा येतो, जळक्या ऑइलचा वास, आणि थोड्या वेळात साफ. मग चढावर कितीही खेचा काही नाही, पण लांब उतार गिअरमध्ये पाय सोडून उतरलो आणि खाली परत रेस दिली की मागे निळा ढग. कूलंट कमी होत नाही, धूर पांढरा नाही, म्हणजे हेड गॅस्केटचा (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांमधलं पॅकिंग) संशय नको. डिपस्टिकवर ऑइल मात्र हळूहळू उतरतंय.

पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतले वायू परत इनटेकमध्ये सोडणारा) नवीन टाकला, फरक शून्य. एक प्लग काळा ओलसर निघाला, बाकी कोरडे. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं, ओल्या प्लगवाल्यात थोडं ऑइल सोडून मोजलं तरी आकडा वाढला नाही, म्हणजे वरच्या कॉम्प्रेशन रिंगा ठीक वाटतात. मेकॅनिक म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोलू (त्यांना खोलायची भारी हौस), मला व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे, ऑइल अडवणारे सील वाटतात, पण खालची ऑइल रिंग (सिलिंडरवरचं ऑइल खरवडणारी) जाम असली तरी कॉम्प्रेशन चांगलं येऊ शकतं ना, तिथेच अडकलोय.

ऑइलमध्ये ओतायची, धूर थांबवायची बाटली सुचवू नका प्लीज. न खोलता ऑइल रिंग की सील हे पक्कं कसं करायचं? आणि हेड न उतरवता, प्लगच्या भोकातून हवेचं प्रेशर देऊन (व्हॉल्व्ह खाली पडू नयेत म्हणून) सील बदललेत का कोणी?